चार हजार चौरस फुटांची मर्यादा: लाँग बीचमधील एका हॉटेलचे आणि तेथील कायद्याचे परीक्षण

लाँग बीच हे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला समुद्राला लागून असलेले बंदराचे शहर आहे. ‘क्वीन मेरी’ हे जुने प्रवासी जहाज १९६७ पासून येथे कायमचे नांगरलेले आहे, एप्रिलमध्ये शहराच्या रस्त्यांवरच मोटारींची शर्यत होते, आणि अधिवेशन केंद्राच्या आसपास, ओशन बुलेव्हार्डच्या दोन्ही अंगांना, मोठ्या साखळ्यांची हॉटेले उभी आहेत. आर्टिशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरची भारतीय दुकाने आणि सेरिटोसमधली मराठी घरे येथून फार दूर नाहीत, त्यामुळे एखाद्या नातेवाइकाकडे मुंज किंवा लग्न असले की पाहुण्यांची उतरण्याची सोय पुष्कळदा याच शहरात केली जाते. आम्हीही तशाच निमित्ताने आईला घेऊन येथे राहिलो. ज्या हॉटेलात राहिलो त्याचे नाव मी देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते त्या एका इमारतीपुरते नाही. शंभराहून कितीतरी अधिक खोल्या असलेल्या येथील प्रत्येक हॉटेलाला ते लागू पडते, कारण या हॉटेलांत खोली कोणी, किती आणि कोणत्या पगारात आवरावी याचे नियम शहराच्या मतदारांनी मतपत्रिकेवर मत देऊन ठरवलेले आहेत. हॉटेलचे परीक्षण करताना या नियमांचेही परीक्षण करणे मला आवश्यक वाटते. एका दृष्टीने तेच या मुक्कामात विकत घेतलेल्या सेवेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहेत.

इतर बाबी थोडक्यात सांगतो. स्वागतकक्षातील माणसे तत्पर होती. खोलीतून बंदराकडचे पाणी दिसत होते. न्याहारी महाग आणि साधारण होती, शाकाहारी माणसाला अंडी सोडून फारसे काही मिळत नव्हते, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून आम्ही पायोनियर बुलेव्हार्डवरून आणलेल्या ठेपल्यांवर आणि खोलीतल्या चहावर भागवले. गाडी ठेवण्याचे शुल्क खोलीच्या भाड्यात धरलेले नसते, ते वेगळे द्यावे लागते, आणि शहराच्या मध्यभागी ते थोडेथोडके नाही. लिफ्ट मात्र कधी खोळंबली नाही.

आता खोलीविषयी. खोली सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपासची, दोन मोठ्या पलंगांची होती, आणि स्वच्छतेत तिला नाव ठेवायला मला जागा सापडली नाही. न्हाणीघरातील फरशांच्या सांध्यांत काळेपणा नव्हता, नळाच्या मागच्या बाजूला पाण्याचे पांढरे डाग साचलेले नव्हते, पलंगाखाली आधीच्या पाहुण्याची एकही वस्तू राहिलेली नव्हती. हॉटेलांची खोली खरोखर नीट आवरली आहे की वरवर, हे या तीन ठिकाणी पाहिले की कळते. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला, आग लागल्यास बाहेर कसे पडावे याच्या नकाशाजवळ, मोठ्या अक्षरांतली आणखी एक सूचना लावलेली होती. हॉटेलातील सफाई कर्मचारी आणि इतर नोकरवर्ग यांचे धमकीच्या वर्तनापासून कायदा संरक्षण करतो आणि त्यांच्याजवळ मदत मागवण्याचे बटण असते, अशा आशयाची ती सूचना होती. ती लावणे हॉटेलच्या मर्जीवर सोडलेले नाही. लाँग बीचच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘मेझर डब्ल्यूडब्ल्यू’ या नावाने जो प्रस्ताव संमत केला, त्यातले ते एक कलम आहे.

कॅलिफोर्नियातील शहरांत ठराविक संख्येने नोंदणीकृत मतदारांच्या सह्या गोळा केल्या की नागरिकांना स्वतः लिहिलेला कायदा नगर परिषदेपुढे ठेवता येतो. परिषदेने तो जसाच्या तसा स्वीकारावा किंवा निवडणुकीत मतदारांपुढे ठेवावा, असे दोन मार्ग उरतात. महाराष्ट्रात हॉटेल व्यवसायाचे किमान वेतन राज्य शासन अधिसूचना काढून, परिमंडळे पाडून ठरवते आणि त्यावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलते. त्या प्रक्रियेत हरकती घेता येतात, पण मत देता येत नाही. लाँग बीचमध्ये शिक्षिका, बंदरावरचा क्रेनचालक, निवृत्त नाविक आणि विद्यार्थी यांनी मतदानकेंद्रावर बसून असे ठरवले की हॉटेलातल्या बाईने दिवसाला किती चौरस फूट जागा आवरावी. शहराने आपल्या पाहुणचाराची अट स्वतः घालून दिली आहे, असे मी याकडे पाहतो, आणि मला ते मनापासून योग्य वाटते.

हे एका दमात झालेले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘मेझर एन’ संमत झाला. शंभर किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांत तासाला किमान १३ डॉलर वेतन, वर्षाला पाच दिवसांची पगारी आजारपणाची रजा, आणि पाहुण्यांकडून ‘सेवा आकार’ म्हणून घेतलेली रक्कम सेवा करणाऱ्यांनाच मिळावी, अशा त्याच्या तरतुदी होत्या. त्या वेळी कॅलिफोर्नियाचे राज्यव्यापी किमान वेतन तासाला ८ डॉलर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उडीचा आकार कळतो. साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्याला होकार दिला. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये कामाच्या बोजावर मर्यादा घालणारा आणि पॅनिक बटण देणारा ठराव नगर परिषदेपुढे आला, तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. कामगार आणि त्यांच्या बाजूच्या संघटनांनी मग सह्यांचा मार्ग धरला. २०१८ च्या निवडणुकीच्या तोंडावर परिषदेने स्वतःचा एक नियम केला, ज्यात शहरातील लहानमोठ्या सर्व हॉटेलांना बटण देणे बंधनकारक केले होते, परंतु कामाच्या बोजाविषयी त्यात मर्यादा नव्हती. मतदारांनी त्यावर समाधान मानले नाही आणि पन्नास किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांसाठी मेझर डब्ल्यूडब्ल्यू मोठ्या बहुमताने संमत केला. शेवटचा टप्पा ५ मार्च २०२४ चा, ‘मेझर आरडब्ल्यू’चा. त्याने मेझर एनमधील वेतनाची पायरी वर नेली: १ जुलै २०२४ पासून तासाला २३ डॉलर, पुढच्या वर्षी २५, त्यानंतर २६.५०, मग २८, आणि जुलै २०२८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकच्या वेळी, २९.५० डॉलर.

वृत्तपत्रांचे मथळे वेतनाच्या आकड्यावर जातात, आणि ते स्वाभाविक आहे. माझ्या मते मात्र या सगळ्यातली सर्वांत विचारपूर्वक लिहिलेली आणि माणसाच्या शरीराला थेट स्पर्श करणारी तरतूद ही क्षेत्रफळाची आहे. मेझर डब्ल्यूडब्ल्यूनुसार आठ तासांच्या दिवसात एका कर्मचाऱ्याकडून ४,००० चौरस फुटांपेक्षा अधिक जागेच्या खोल्या आवरून घेता येत नाहीत. घ्यायच्या असतील तर केवळ जास्तीच्या खोलीचे नव्हे, तर त्या दिवसाच्या प्रत्येक तासाचे वेतन दुप्पट द्यावे लागते. शिवाय त्या दिवशीच्या कामात चेकआउटच्या, म्हणजे पाहुणा सोडून गेलेल्या, किंवा जादा पलंग टाकलेल्या खोल्या मिळून सहापेक्षा जास्त असतील, तर त्यापुढच्या अशा प्रत्येक खोलीमागे मर्यादा ५०० चौरस फुटांनी खाली येते.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. खोली तीनशे चौरस फुटांची धरली आणि सर्व पाहुणे अजून मुक्कामाला असतील, तर ४,००० चौरस फुटांत तेरा खोल्या बसतात. पण रविवारी सकाळी अधिवेशन संपून सगळेच निघाले आणि यादीतील प्रत्येक खोली चेकआउटची असेल, तर आठव्या खोलीनंतर थांबावे लागते: आठ खोल्यांचे क्षेत्रफळ २,४०० होते आणि मर्यादा ३,००० वर आलेली असते, तर नवव्या खोलीला काम २,७०० होते आणि मर्यादा २,५००. जुलै २०२५ पासूनच्या २५ डॉलर दराने ही नववी खोली हॉटेलला त्या दिवसापुरती आणखी २०० डॉलरना पडते. कोणताही व्यवस्थापक नवव्या खोलीसाठी एवढी रक्कम मोजण्यापेक्षा दुसऱ्या कर्मचाऱ्याला कामावर बोलावील, आणि कायदा लिहिणाऱ्यांना नेमके तेच घडवून आणायचे होते. बंदी न घालता, फक्त किंमत योग्य ठिकाणी वाढवून, जास्तीचे काम एका पाठीवरून उचलून दोन माणसांत वाटण्याची ही युक्ती मला अतिशय आवडली.

खोल्यांची संख्या न मोजता क्षेत्रफळ का मोजायचे, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. त्याचे उत्तर हॉटेलांच्या बदलत्या रचनेत आहे. ‘दिवसाला पंधरा खोल्या’ असा जुना कोटा असेल तर त्यात साधी खोली आणि बैठकीसह असलेला प्रशस्त सूट यांची गणना एकच होते, आणि हॉटेल जसजसे आलिशान होत जाते तसतसे पगार न वाढता काम वाढते. गाद्या जाड आणि जड झाल्या, उशा दोनाच्या सहा झाल्या, न्हाणीघरात काचेचे दार आले जे रोज पुसून लख्ख करावे लागते. पाहुण्याला हे सुख वाटते. हे सुख ज्या मनगटांवर आणि कमरेवर उभे आहे, ती मनगटे खोल्यांच्या आकड्यात दिसत नाहीत; चौरस फुटांत थोडी तरी दिसतात. चेकआउटच्या खोलीला वेगळे वजन देण्यामागेही तोच विचार आहे. मुक्कामी पाहुण्याच्या खोलीत पलंग नीट करून, टॉवेल बदलून, कचरा काढून पुढे जाता येते. सोडलेल्या खोलीत सर्व चादरी आणि अभ्रे उतरवायचे, गादीचा प्रत्येक कोपरा उचलून नवी चादर खाली खोवायची, न्हाणीघर कोरडे होईपर्यंत घासायचे, आणि नवा पाहुणा येण्याच्या आत हे संपवायचे असते.

या कामात होणाऱ्या दुखापतींची मोजणी झालेली आहे. अमेरिकेतील पाच हॉटेल कंपन्यांच्या पन्नास हॉटेलांमधील २००३ ते २००५ या काळातील नोंदींवरून झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हॉटेलातील सर्व प्रकारच्या कर्मचाऱ्यांत खोल्या आवरणाऱ्यांना दुखापती सर्वाधिक होतात, वर्षाला शंभर कामगारांमागे ७.९, आणि त्यातही लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांचे प्रमाण त्याहून जास्त आहे. चादरीसारख्या साध्या वस्तूवरही येथे राजकारण झाले. गादीला चारी बाजूंनी बसणारी, लवचीक कडांची चादर वापरली तर जड गादी पुन्हा पुन्हा उचलावी लागत नाही, म्हणून ती बंधनकारक करणारे विधेयक २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात आले होते. त्याची थट्टा झाली आणि ते कायद्यात उतरले नाही. जुलै २०१८ मध्ये मात्र राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने हॉटेलातील सफाई कामासाठी स्नायू आणि सांध्यांच्या दुखापती टाळण्याचा स्वतंत्र नियम लागू केला, आणि देशात असा नियम करणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य ठरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लाँग बीचने चौरस फुटांची मर्यादा घातली. राज्याचा नियम अवजारे, प्रशिक्षण आणि कामाच्या जागेची तपासणी यांची सोय करतो, पण दिवसाला किती काम, हा मूळ प्रश्न तो सोडवत नाही. लांब दांड्याचे फडके हातात दिले आणि खोल्या तेवढ्याच ठेवल्या, तर पाठीला मिळणारा आराम अपुरा राहतो.

आपल्या लोकांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट या तरतुदीत आहे. आपण कुटुंबाने प्रवास करतो, एका खोलीत चार-पाच माणसे राहतो, आणि स्वागतकक्षाला फोन करून जादा खाट मागवतो. आम्हीही आईसाठी मागवली, कारण तिला मऊ गादीवर झोप येत नाही. अशी खाट टाकली की ती खोली कायद्याच्या दृष्टीने ‘जादा पलंगाची खोली’ होते आणि चेकआउटच्या खोलीच्या बरोबरीने मोजली जाते. आम्हाला खाट विनातक्रार मिळाली. आमच्या मजल्यावर काम करणारी, मध्यम वयाची, स्पॅनिश बोलणारी बाई पहिल्या दिवशी आमच्या खोलीत आली, तेव्हा तिच्या गाडीवर अडकवलेल्या कागदावर खोल्यांच्या क्रमांकांपुढे चौरस फुटांचे आकडे होते. मी विचारल्यावर तिने खुलेपणाने सांगितले की सकाळी यादी हातात आली की ती आधी चेकआउट किती आणि खाटा किती हे पाहते, आणि बेरीज जुळत नसेल तर पर्यवेक्षकाला विचारते. ‘विचारते’ हे ती किती सहज म्हणाली, याची मला फार किंमत वाटली. आई तिला मराठीतच “ताई, बसा जरा, पाणी घ्या” म्हणत होती. ती बसली नाही, पण पाणी घेतले.

चेकआउटच्या दिवशी आईने सवयीने पलंग नीटनेटका आवरून, पांघरुणाच्या घड्या घालून ठेवला. ही आपली चांगली सवय आहे, पण हॉटेलात तिचा उपयोग होत नाही, कारण त्या घड्या मोडून सर्व चादरी उतरवाव्याच लागतात. त्यापेक्षा वापरलेले टॉवेल न्हाणीघरात एका जागी ठेवावेत, कचरा डब्यातच टाकावा, आणि उरलेले अन्न खोलीत सोडून जाऊ नये. एवढ्याने खोलीमागची काही मिनिटे खरोखर वाचतात.

याच संदर्भात एका सुविधेविषयी माझी स्पष्ट नापसंती नोंदवतो. पर्यावरणाच्या नावाने ‘आज खोली आवरू नका’ हा पर्याय पाहुण्यापुढे ठेवण्याची, आणि तो घेतल्यास सदस्यत्वाचे गुण किंवा खाण्यापिण्याची सवलत देण्याची पद्धत अनेक हॉटेलांत आहे, आणि करोनाच्या साथीनंतर काही ठिकाणी रोजची सफाई मागितल्याशिवाय होतच नाही. पाणी आणि साबण वाचतो हे खरे आहे. पण चार दिवस न आवरलेली खोली पाचव्या दिवशी चेकआउटची म्हणून यादीत येते तेव्हा ती आवरायला किती कष्ट पडतात, हे त्या गुणांच्या तक्त्यात कुठेच धरलेले नसते. आणि मधल्या दिवसांचे काम नसल्याने कर्मचाऱ्यांचे तास कापले जातात ते वेगळेच. लॉस एंजेलिस शहराने २०२२ च्या आपल्या हॉटेल-कामगार अध्यादेशात रोजच्या सफाईचा मुद्दा हाताळला आहे. लाँग बीचच्या २०१८ च्या प्रस्तावात तो नाही, आणि ही त्यातली मोठी उणीव आहे असे मला वाटते. माझ्या हॉटेलनेही गुण देऊ केले होते. आम्ही ते घेतले नाहीत.

बटणाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याच्या आवश्यकतेबद्दल आता कोणी वाद घालत नाही. बंद दाराच्या आत, अनोळखी माणसाच्या खोलीत, एकटीने काम करणाऱ्या स्त्रीजवळ मदत मागवण्याचे साधन असावे, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या हॉटेल कामगारांनी २०१२ च्या करारात मिळवली, सिॲटलच्या मतदारांनी २०१६ मध्ये कायद्यात आणली, शिकागोच्या परिषदेने २०१७ मध्ये स्वीकारली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील हॉटेल मालकांच्या राष्ट्रीय संघटनेने मोठ्या साखळ्यांच्या वतीने तसे वचन जाहीर केले. प्रथम विरोध, मग मतदान, मग उद्योगाचे वचन, हा क्रम पाहिल्यावर मतपत्रिकेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

वेतनाच्या बाबतीत चित्र इतके एकमताचे नाही, आणि परीक्षणात ते लपवू नये. आपल्या मंडळींना ठाऊक असलेल्या अनाहाइम शहरात, जेथील अधिवेशन केंद्रात २०१५ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन भरले होते आणि शेकडो मराठी कुटुंबे आसपासच्या हॉटेलांत उतरली होती, तेथे ३ ऑक्टोबर २०२३ च्या विशेष निवडणुकीत हॉटेल आणि समारंभस्थळांच्या कामगारांना तासाला २५ डॉलर देणारा प्रस्ताव, ‘मेझर ए’, मोठ्या फरकाने हरला. त्यातही कामाच्या बोजाचे आणि सुरक्षिततेचे नियम होते. त्या शहराची अर्थव्यवस्था डिस्नेलँडवर आणि पर्यटनावर उभी आहे, आणि तेथील मतदारांना खर्चाची भीती अधिक पटली. लॉस एंजेलिसच्या परिषदेने २०२५ मध्ये साठ किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांसाठी २०२८ च्या जुलैपर्यंत टप्प्याटप्प्याने ३० डॉलरपर्यंत जाणारे वेतन मंजूर केले, तेव्हा व्यावसायिकांनी तो निर्णय मतदारांपुढे नेण्यासाठी सह्या गोळा केल्या, पण पुरेशा वैध सह्या भरल्या नाहीत. भाडे, विमा आणि घरांच्या किमती पाहता दक्षिण कॅलिफोर्नियात तासाला २५ डॉलर ही चैनीची रक्कम नाही; पूर्ण वेळ काम करूनही या पगारात समुद्राजवळच्या शहरात एकट्याने घर भाड्याने घेणे कठीण जाते. म्हणून मी वेतनवाढीच्या बाजूने आहे. पण हॉटेल मालकांचा एक मुद्दा मला रास्त वाटतो: ऑलिंपिक काही आठवड्यांचे असते आणि वेतनाची पायरी कायमची. हा खर्च नंतरच्या मंद वर्षांत कसा पेलायचा, याचे उत्तर प्रचारात कोणी नीट दिले नाही.

कायद्याच्या बांधणीतही दोष आहेत. पहिला उंबरठ्याचा. वेतनाचा नियम शंभर खोल्यांपासून आणि कामाच्या मर्यादेचा पन्नास खोल्यांपासून लागू होतो, त्यामुळे सत्तर खोल्यांच्या हॉटेलातली बाई चौरस फुटांच्या संरक्षणात असते पण शहराच्या हॉटेल-वेतनाच्या बाहेर, आणि चाळीस खोल्यांच्या मोटेलात काम करणारी दोहोंच्या बाहेर. मेझर एननंतर काही छोट्या हॉटेलांनी वापरातल्या खोल्या शंभराच्या आत आणल्या होत्या. दुसरा दोष सूटीचा: मालक आणि कामगार संघटना यांच्या सामूहिक करारात स्पष्ट शब्दांत लिहिले तर या तरतुदी बाजूला ठेवता येतात. विरोधकांनी यावर सर्वाधिक टीका केली, कायदा संघटनेच्या भरतीचे साधन असल्याचा आरोप केला. संघटित हॉटेलांत कोटा करारानेच ठरतो आणि पगाराबरोबर आरोग्यविमा, निवृत्तिवेतन यांचा विचार एकत्र होतो, हे खरे असल्याने वेतनापुरती ही लवचीकता मला समजते. शरीराच्या मर्यादेला मात्र ती लागू असू नये, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा दोष अंमलबजावणीचा, आणि येथे ओकलंडने अधिक शहाणपण दाखवले. ओकलंडच्या मतदारांनी त्याच नोव्हेंबर २०१८ मध्ये संमत केलेल्या ‘मेझर झेड’मध्ये ४,००० चौरस फुटांची मर्यादा आणि बटण तर होतेच, पण आरोग्यलाभ देणाऱ्या हॉटेलांसाठी तासाला १५ आणि न देणाऱ्यांसाठी २० डॉलर अशी दुहेरी वेतनरचना होती, आणि कामगार-मानकांच्या अंमलबजावणीसाठी शहराचा स्वतंत्र विभाग उभारण्याची तरतूदही त्याच मतपत्रिकेत होती. लाँग बीचच्या प्रस्तावाने असा विभाग दिला नाही. कर्मचाऱ्याला न्यायालयात जाण्याचा हक्क आहे, पण इंग्रजी कच्चे असलेल्या, दोन ठिकाणी काम करणाऱ्या बाईसाठी न्यायालय ही फार लांबची जागा आहे. सर्व काही एकत्र घालण्याचाही धोका असतो, हे सिॲटलने अनुभवले. तेथे सुमारे तीन चतुर्थांश मतांनी संमत झालेला २०१६ चा ‘इनिशिएटिव्ह १२४’ सुरक्षितता, कामाचा बोजा, वैद्यकीय खर्च आणि मालक बदलल्यास नोकरीची हमी असे वेगवेगळे विषय एकाच प्रस्तावात बांधत होता, आणि छळाचा आरोप असलेल्या पाहुण्यांची यादी ठेवण्याचे वादग्रस्त कलमही त्यात होते. एका प्रस्तावात एकच विषय असावा या नियमावर बोट ठेवून अपील न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो रद्द केला. पुढच्या वर्षी परिषदेने त्यातले बहुतेक संरक्षण चार स्वतंत्र अध्यादेशांच्या रूपाने परत आणले. ज्यांना असा कायदा आपल्या शहरात हवा आहे त्यांनी लाँग बीचचे चौरस फूट, ओकलंडचा विभाग आणि सिॲटलचे चार वेगळे अध्यादेश, हे तिन्ही समोर ठेवून मसुदा लिहावा.

पाहुण्याला या सगळ्याची झळ कुठे बसते? माझ्या अनुभवात दोन ठिकाणी. आमची खोली पहिल्या दिवशी दुपारी ठरलेल्या वेळेनंतर थोडी उशिराने मिळाली, कारण आदल्या दिवशीचा मोठा मेळावा त्याच सकाळी पांगला होता आणि पूर्ण मजला चेकआउटचा होता. स्वागतकक्षाने ते प्रामाणिकपणे सांगितले आणि आईला बसायला शांत जागा दिली. भाडेही स्वस्त नाही, परंतु ते अधिवेशनांच्या तारखांप्रमाणे इतके चढते-उतरते की त्यातला वेतनाचा वाटा वेगळा काढून दाखवणे शक्य नाही. मी खोलीला पाच पैकी पाच, न्याहारीला दोन, आणि सफाईच्या सेवेला हातचे काही न राखता पाच गुण देतो. वयस्कर माणसे बरोबर असतील तर अधिवेशनाचा शेवटचा दिवस टाळून खोली घ्यावी, जादा खाट आरक्षण करतानाच सांगावी म्हणजे ती त्या दिवसाच्या यादीत आधीच धरली जाते, आणि रोजची सफाई मागून घ्यावी. कॅलिफोर्नियात बक्षिशी किमान वेतनात धरता येत नाही, ती पगाराच्या वर असते, म्हणून ती रोजच्या रोज उशीजवळ ठेवावी. शेवटच्या दिवशी एकदम ठेवली तर ती कदाचित त्या दिवशी पाळीवर आलेल्या दुसऱ्याच कर्मचाऱ्याच्या हातात जाते.